‘मुले : 2’ : परदेश सेवा समितीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सभासद,
परदेश सेवा समिती, ठाणे

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

येत्या रविवारी उपासनेनंतर तुम्ही एका तरुण जोडप्यावर हात ठेवून त्यांना परदेशी सेवेला पाठवणार आहात. त्यांची मुलगी पाच वर्षांची आहे, मुलगा अजून अंगावर पितो. त्या दिवशी मीही तिसऱ्या-चौथ्या बाकावर असेन, गीतंही म्हणेन. पण त्याआधी हे पत्र. मागच्या बैठकीत मी हेच सांगायला उभी राहिले, तेव्हा "ताई, वेळ झाली, हा विषय आपण प्रार्थनेत ठेवू" म्हणून मला बसवण्यात आलं. प्रार्थनेत ठेवलात, आभारी आहे. आता कागदावर ठेवते. आणि उघडपणे ठेवते, कारण घरात पाचारणाची, म्हणजे देवाने सेवेला बोलावल्याची, गोष्ट चालू असलेल्या एखाद्या आईच्या हाती हे पडलं तर तिला तुमच्या बैठकीची वाट बघावी लागू नये.

तुमचा तिमाही अहवालाचा फॉर्म तुम्हाला पाठच असेल. किती भेटी, किती सभा, किती पुस्तकं वाटली, दवाखान्यात किती रुग्ण. त्याला दोन पानं. शेवटी, सहीच्या वर, एक रकाना : ‘मुले (संख्या)’. साडेचार वर्षांत आम्ही असे अठरा फॉर्म भरले. पहिल्या सहांत ‘1’ लिहिलं, पुढच्या बारांत ‘2’. एकाचे दोन झाले त्या तिमाहीत समितीच्या ग्रुपवर फुलांचा एक गुच्छ आला होता. त्या रकान्याबद्दल आलेली तेवढीच विचारपूस.

त्या एका आकड्यात काय काय मावलं नाही, ते सांगते.

आम्ही पश्चिम केनियात होतो, किसुमूपासून दीडेक तासावर, एका मिशन दवाखान्याच्या आवारात. मिस्टर लॅब टेक्निशियन. मी इथे कळव्यात नऊ वर्षं शाळेत शिकवलं होतं. तिथे माझ्या पासपोर्टवर ‘डिपेंडंट’चा पास लागला, आणि त्या पासावर नोकरी करता येत नाही. म्हणजे सरकारच्या लेखी मी अवलंबून, आणि समितीच्या लेखी ‘सोबत जाणारी पत्नी’. तक्रार नाही, फक्त नोंद. कारण मग मुलांचं जे काही होतं ते सगळं या सोबत जाणाऱ्या बाईच्या वाट्याला आलं, आणि त्याचा अहवाल कोणी मागितला नाही.

थोरला तिथे गेला तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. पहिले तीन महिने तो बोलायचाच बंद झाला. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि स्वाहिली, आवारातल्या पोरांत तिथली स्थानिक लुओ. मग एक दिवस सुरू झाला, तो सगळ्या भाषा एकाच ताटात कालवून. स्वाहिलीची आणि आपली थोडी सोयरीक आहे. ‘दुका’ म्हणजे दुकान, ‘किताबू’ म्हणजे पुस्तक, ‘गारी’ म्हणजे गाडी, ‘पेसा’ म्हणजे पैसे. त्यामुळे त्याला वाटलं, ही भाषा घरचीच आहे, लोक जरा बोबडं बोलतात इतकंच. घोळ झाला तो नात्यांत. स्वाहिलीत ‘दादा’ म्हणजे बहीण, ‘काका’ म्हणजे भाऊ आणि ‘मामा’ म्हणजे आई. तिकडे बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारायची रीत. मी सगळ्यांची ‘मामा अमुक’. कळव्याचा खरा मामा फोनवर आला की पोरगं "मामा!" म्हणून ओरडायचं आणि स्वयंपाकघरातून मी ओ द्यायची. आम्ही हसायचो. पण सहाव्या वर्षी त्याने मला विचारलं, "काका म्हणजे नक्की कोण? फोनमधला का?" तेव्हा हसू आलं नाही.

मुलांचं तिथे वाईट झालं असं मी मुळीच म्हणत नाही. धाकटी तिथेच झाली, एप्रिलात, मोठ्या पावसात. लुओ लोक मूल कोणत्या वेळेला जन्मलं त्यावरून नाव ठेवतात, पावसातली मुलगी म्हणजे अकोथ. आजीने इथून नाव कळवलं होतं ते कागदावर राहिलं, आवारात ती अकोथच. शेजारणी तिला लेसोत, म्हणजे तिकडच्या सुती कापडात, बांधून पाठीवर घेऊन फिरायच्या, माझे हात मोकळे राहावेत म्हणून. ठाण्यात मला कोणी इतकं मोकळं केलं नव्हतं. आणि पोळ्यांची तर गंमतच. तिकडे चपाती म्हणजे नाताळचं, पाहुण्यांचं जेवण. एरवी मक्याच्या पिठाचा उगाली. आमचं पोरगं रोज डब्यात पोळी-भाजी न्यायचं, तर वर्गात बोलवा उठली की यांच्याकडे रोज नाताळ असतो. शेवटी मी आठवड्यातून एकदा डबाभर जास्तीच्या पोळ्या लाटायला लागले. इथून नेलेलं पोळपाट तिकडेच एका शेजारणीकडे ठेवून आले आहे.

पण मलेरियाबद्दल बोलूया. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचा तो सगळा पट्टा बारमाही मलेरियाचा. जाण्याआधीच्या ‘प्रशिक्षणात’ आम्हाला तीन दिवस संस्कृतिभेद शिकवले गेले. लहान मुलाला हुडहुडी भरली तर काय करायचं, हे कोणी बोललं नाही. दवाखान्यातच तर चाललाय, असं म्हणाले. मिस्टरांच्या टेबलावर दिवसाला पन्नासेक स्लाइड यायच्या. काचेवर रक्ताचा थेंब पसरायचा, गीम्सा रंगात बुडवायचा, वाळवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. तांबड्या पेशींत जांभळट, खड्याच्या अंगठीसारखी बारीक कडी दिसली की झालं. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात, धाकटी जेमतेम महिन्याची असताना, त्यांनी एक स्लाइड उचलली आणि तिच्यावर पेन्सिलीने आमच्या मुलाचं नाव होतं. नर्सने नेहमीप्रमाणे रांगेतच ठेवली होती. त्यांनी नेहमीप्रमाणेच मोजणी केली, वहीत आकडा लिहिला, मग उठून हात धुतले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "आहे." बाकी काही बोलले नाहीत. गोळ्या सुरू झाल्या, तिसऱ्या दिवशी पोरगं खेळायला लागलं. त्या तिमाहीच्या फॉर्ममध्ये ‘तपासलेल्या स्लाइड’ या रकान्यात तीही एक मोजलेली आहे. खाली ‘मुले : 2’.

याहून साधी गोष्ट सांगते, जिला फक्त एक कागद पुरला असता. परदेशात भारतीय आईबापांच्या पोटी मूल झालं की वर्षाच्या आत तिथल्या आपल्या दूतावासात जन्माची नोंद करावी लागते, तरच त्याचं नागरिकत्व सरळ लागतं. हे आम्हाला समितीने सांगितलं नाही. मुलीला अकरावा महिना सरत आला तेव्हा किसुमूतल्या एका गुजराती किराणावाल्याने सांगितलं, तूरडाळ तोलता तोलता. ही मंडळी तिकडे जुनी. 1901 साली रेल्वे सरोवरापर्यंत पोचली, तेव्हापासून त्यांच्या तिथे दुकानदाऱ्या. "बेन, छोकरीचा कागद केला का?" म्हणाला. दुसऱ्या रात्रीच्या बसने आम्ही नैरोबीला निघालो, मांडीवर ती, अंगात ताप. पहाटे उतरलो तर ठाण्यातल्या डिसेंबरच्या दुप्पट गारठा. काम झालं. पण तुम्ही कुटुंबं पाठवता, आणि हे एका किराणा दुकानदाराला ठाऊक, तुम्हाला नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते, ज्यावर बैठकीत मला बसवलं गेलं.

थोरला सहा वर्षांचा झाला तेव्हा आम्ही समितीला लिहिलं की शाळेची फी झेपत नाही, मानधनाचा चौथा हिस्सा त्यातच जातो. उत्तर आलं : मुलाला इकडे बोर्डिंगात ठेवा. सगळे मिशनरी ठेवत आले आहेत, सेवेला मोकळीक मिळते.

ठेवत आले आहेत, हे खरं. मसुरीची वुडस्टॉक शाळा 1854 सालची, कोडाईकनालची 1901 सालची, केनियातच किजाबेला एक आहे ती 1906 सालची. या शाळा मिशनऱ्यांची मुलं शिकवून मोठ्या झाल्या, तिथून चांगली माणसं निघाली. पण आपण ज्यांच्या सुवार्तेवर वाढलो त्यांच्या घरातलं एक पान मी तुम्हाला वाचून दाखवते. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत आले. नव्या कराराचं मराठी भाषांतर करणाऱ्यांत ते होते, एवढं आपल्याला शिकवलेलं असतं. शिकवत नाहीत ते हे : 1825 मध्ये मुलांची तब्येत इथे धरेना म्हणून त्यांची बायको दोन मुलगे घेऊन जहाजाने अमेरिकेला निघाली. त्यातला एक मुलगा वाटेत समुद्रातच गेला. आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये हॉल स्वतः नाशिककडून परतताना रस्त्यात पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, गेले. त्यांच्याच सोबतचे सॅम्युएल न्यूएल, त्यांची बायको हॅरियट एकोणीस वर्षांची होती, मूल जहाजावर जन्मलं आणि गेलं, पाठोपाठ मॉरिशसला तीही गेली, 1812 मध्ये. तिने मुंबई पाहिलीच नाही.

ही नावं आपण हुतात्म्यांसारखी घेतो आणि घ्यावीतच. पण त्या काळी पटकीवर औषध नव्हतं, आणि अमेरिकेचा प्रवास महिनोन्‌महिन्यांचा होता. त्यांचा नाइलाज होता. तुमचा नाइलाज कसला? आमच्या आणि तुमच्यात अडीच तासांच्या घड्याळाचा फरक आणि एका विमानाचं तिकीट होतं. जे त्यांच्यावर ओढवलं ते तुम्ही पद्धत म्हणून पुढे चालवता. (आपल्या ठाण्यात 1321 साली चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, त्यांचीही गोष्ट दर वर्षी निघते. ते ब्रह्मचारी होते. पोरांच्या फीचा प्रश्न त्यांना आला नव्हता.)

एका वडीलमंडळींनी मला तेव्हा बायबलातल्या शमुवेलाचा दाखला दिला होता. हन्नाने आपलं मूल दूध सुटल्यावर देवाच्या घरी आणून सोडलं, मग तुम्हाला काय जड जातं? मी त्याच्या पुढचा अध्याय वाचला. 1 शमुवेल 2:19 : त्याची आई त्याच्यासाठी लहान झगा करून वर्षोवर्षी त्याच्याकडे आणायची. शमुवेलाला रात्री आलेल्या हाकेवर मी आयुष्यात वीस तरी उपदेश ऐकले असतील, त्या झग्यावर एकही नाही. मी शिवणारी बाई आहे, मला एकच प्रश्न पडतो. माप कसं घेत असेल ती? वर्षभर न बघितलेल्या मुलाचं? अंदाजानेच ना. शेजारच्या तेवढ्याच मुलाला उभं करून.

माझ्या सासूबाईंनी चार नाताळ तेच केलं. कोपरीच्या घरात बसून नातवाचे शर्ट शिवले, नातीचे फ्रॉक शिवले, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवले. चारही वर्षं शर्ट खांद्यात आखूड. तिसऱ्या वर्षी त्यांनी फोनवर विचारलं, "बसला ना गं?" आणि मी म्हटलं, "अगदी बसला आई." पोरगं शेजारी उभं, बाह्या कोपरापर्यंत. त्याने माझ्याकडे बघितलं. मिशनऱ्याच्या मुलाने आपल्या आईला पहिल्यांदा खोटं बोलताना ऐकलं ते असं.

आम्ही त्याला बोर्डिंगात ठेवलं नाही. म्हणून आमचं मानधन वाढलं नाही, आणि ‘सेवेत पूर्ण समर्पण दिसत नाही’ असा शेरा पडला, तोही आमच्यापर्यंत पोचलाच.

गेल्या एप्रिलात आम्ही परत आलो. तिकडे शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, इथे जूनमध्ये. पोराची तिसरीची पहिली टर्म झालेली. इथल्या शाळेने तिकडचा दाखला उलटसुलट करून पाहिला आणि एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आणा म्हणाले. त्यांना हवा तसा एलसीचा कागद आमच्याकडे नाही हे पटवण्यात तीन आठवडे गेले. मराठी आता सगळ्या शाळांना सक्तीची आहे, आणि असावीच, मी स्वतः मराठीची बाई. पण आठ वर्षांच्या मुलाला ‘क्ष’ काढता येत नाही म्हणून त्याला दुसरीत बसवलं. तो घरी घडाघडा मराठी बोलतो. फक्त त्याच्या मराठीत सकाळचे सात म्हणजे ‘एक वाजले’, कारण स्वाहिलीत तास उजाडल्यापासून मोजतात. बाईंनी वहीत लिहून दिलं : घड्याळ कच्चे आहे.

आणि मग तो मे महिन्यातला रविवार, तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. आमच्या स्वागताचा. मिस्टरांची साक्ष झाली, टाळ्या झाल्या. मग कोणीतरी माइकवरून म्हणालं, "बाळ, आफ्रिकेतलं काहीतरी बोलून दाखव!" पोराला पुढे नेलं. ज्याचा फोटो तीन वर्षं तुमच्या कॅलेंडरवर होता, उघड्या अंगाच्या पोरांच्या घोळक्यात मधोमध, तेच पोर. संडे स्कूलची मुलं आधीच ‘आफ्रिकावाला’ म्हणून कुजबुजत होती. तो जरा वेळ गप्प राहिला, मग माइकमध्ये स्पष्ट म्हणाला, "नाटाका क्वेंदा न्युंबानी."

काय टाळ्या पडल्या. मागून कोणी हालेलूया म्हणालं. पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

त्याचा अर्थ, मला घरी जायचंय. सगळ्या मंडळीत तो फक्त दोघांना कळला. आणि त्याचं ते घर कोपरीत नव्हतं.

त्या दिवशी कोणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. तुम्ही प्रेमानेच टाळ्या वाजवल्यात. माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही कुटुंब पाठवता आणि हिशोब एका माणसाचा ठेवता. पाचारण आईबापांना झालेलं असतं, ते आम्ही कोणावर लोटत नाही. मुलाला कोणी विचारलेलं नसतं. मग ज्याला विचारलं नाही त्याची जास्त चौकशी व्हायला हवी की कमी?

म्हणून या रविवारच्या आत, हात ठेवण्याआधी, जरा हात खिशातही घाला. त्या पाच वर्षांच्या मुलीची फी मानधनाबाहेर, वेगळी धरा. ‘विश्वासाने भागवा’ हे वाक्य फीच्या पावतीवर चालत नाही. आजी-आजोबा हयात आहेत तोवर दोन वर्षांतून एकदा मुलांना घरी आणण्याचं तिकीट बजेटात लिहा. त्याला सुट्टी म्हणू नका, सेवेचाच भाग म्हणा, म्हणजे खजिनदारांना सोपं जाईल. त्यांना निघण्याआधी एक दिवस एखाद्या बालरोगतज्ज्ञाकडे बसवा, आणि दूतावासाच्या कागदांची यादी हाती द्या. ती मी करून ठेवली आहे, फुकट. बोर्डिंगचा निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या, शेरे मारू नका. मुलांचे फोटो कॅलेंडरसाठी मागू नका. परत येतील तेव्हा त्यांना माइकपुढे उभं करू नका.

आणि समितीत एक बाई अशी नेमा जिचं काम फक्त मुलांचं. मावशी म्हणा तिला. महिन्यातून एकदा फोन करायचा, तोही आईशी नाही, मुलीशी बोलायला. मराठीत. दात पडला का, मैत्रीण कोण, डब्यात काय. ती मुलगी दहा मिनिटं नुसती हं हं करील, करू दे. कोणी दुसरं पुढे येत नसेल तर मी आहे. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते. तिकडे कुठे किती वाजलेले असतील ते मी बघेन, मला घड्याळाचा सराव आहे.

फॉर्मचा रकाना बदलायला मात्र समितीचा ठराव लागेल असं सेक्रेटरींनी सांगितलं. मग ठराव करा. ‘संख्या’ हा शब्द खोडून तिथे चार ओळी मोकळ्या सोडल्या तरी पुरे.

मागच्या रविवारी उपासना सुटल्यावर सासूबाईंनी आवारातल्या चिंचेखाली त्या मुलीला उभं केलं आणि पर्समधून टेप काढून तिचं माप घेतलं. खांदा, छाती, उंची. मी वहीत लिहीत होते. नाताळचा फ्रॉक आत्ताच शिवून देणार आहेत, सामानात जाईल असा. मी म्हटलं, आई, डिसेंबरपर्यंत ती वाढेल. तर म्हणाल्या, "माहितेय मला. खाली चार बोटं दुमड ठेवतेय. तिच्या आईला सांग, उसवायची."

आपल्याच मंडळीतली,
दोन मुलांची आई
कोपरी, ठाणे पूर्व